गल्लीची ओळख

कैरोस निघालो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे पिरॅमिड होते. प्रत्यक्षात मुक्काम गाजविला तो लेकीच्या घराखालच्या गल्लीने. नाईलच्या पश्चिम तीरावरील दोक्की भागात तिसऱ्या मजल्यावर तिचे बिऱ्हाड. इंदूरच्या सराफ्यातील रात्री अंगवळणी पडलेल्या आम्हांसही पहिल्या रात्री डोळा लागला नाही.

पहाटेची अजान विरते न विरते तोच रात्रभर शिजविलेल्या 'फूल' नामक कडधान्याची गाडी येते. मागोमाग डोईवर रोट्यांची भलीमोठी लाकडी जाळी तोलीत सायकल हाकणारा पोऱ्या. गॅसवाला पान्याने सिलिंडर बडवीत येतो. जुनेपाने घेणारा 'रोबाबेक्या' अशी दीर्घ आरोळी ठोकतो. 'जुन्या वस्तू' या अर्थाच्या इटालियन शब्दांचे हे मिसरी रूप. उन्हे उतरली की कहवाखाना जागा होतो आणि सोंगट्यांचा खडखडाट मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही.

आमच्या सौभाग्यवतींना रक्तदाबाचा विकार. जावईबापूंनी झाडीने वेढलेल्या, निवांत मादी भागात घर पाहावे, असा आग्रह आम्ही धरला. गॅलरीतून दोरीने टोपली सोडून भाजी घेता घेता लेक म्हणाली, "बाबा, तिथं शांतता आहे खरी, पण इथं मला माणसं ओळखतात." तो आम्हांस हट्ट वाटला. दोन दिवस अबोला राहिला.

तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती कोथिंबीर आणावयास एकट्याच खाली उतरल्या आणि वळण चुकल्या. भाषा येईना, पत्त्याचा कागद घरी. तासभर आम्ही वेड्यासारखे गल्ल्या धुंडाळीत होतो. इतक्यात ती परिचित आरोळी ऐकू आली. पाहतो तो भंगाराच्या हातगाडीशेजारून सौभाग्यवती चालत येत आहेत! गॅलरीत रोज दिसणारी नऊवारी त्या गृहस्थाने बरोबर ओळखली होती. आम्ही पैसे पुढे केले, तेव्हा छातीवर हात ठेवून तो काही बोलला. लेकीने अर्थ सांगितला: "तो म्हणतो, या आमच्याच गल्लीतल्या."

मादीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. झोप मात्र अखेरपर्यंत बेताचीच लागली.

इंदुरास आमच्या दारावरून वर्षानुवर्षे जाणाऱ्या रद्दीवाल्याचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. परतल्यावर पहिल्याच सकाळी ते विचारून घेतले.