येवल्याचा माग : घर हाच कारखाना

मनमाड जंक्शनहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याजवळून जातो आणि सुमारे तीस किलोमीटरवर नाशिक जिल्ह्यातील येवले या तालुक्याच्या गावी पोहोचतो. तात्या टोपे यांचे जन्मस्थान म्हणून आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ते स्थळ म्हणून हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत भेटते. जुन्या गल्ल्यांत शिरल्यावर मात्र घराघरातून ऐकू येणारा हातमागाचा आवाज या दोन्हींच्या आधीची ओळख सांगू लागतो.

ही ओळख मुळात गोदाकाठच्या पैठणची, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीची आहे. पेशवेकालीन पत्रव्यवहारातही पैठणच्या वस्त्रांची मागणी आढळते. येवले वसवणारे रघोजी नाईक यांनी पैठणहून विणकर आणून येथे स्थायिक केले, असे परंपरा सांगते. कालांतराने पैठणमधील मागांची संख्या घटत गेली आणि पैठणीचे नाव जरी जुन्या गावाचे राहिले, तरी तिचे मोठे केंद्र येवले बनले. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या उत्पादनाचे नाव इतरांनी वापरू नये यासाठीचे कायदेशीर संरक्षण लाभले.

येवल्यातील विणकराच्या घरात राहण्याची जागा आणि कारखाना वेगळे काढता येत नाहीत. पुढच्या खोलीत माग असतो, रहाटावर रेशीम उकलून कांड्या भरण्याचे काम घरातील स्त्रिया करतात, अनेक घरांत त्या मागावरही बसतात, आणि मुले धाग्यांची मोजणी पाढ्यांसारखी ऐकतच मोठी होतात. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेल्या धाग्यांना ताणा आणि त्यांतून आडवा ओवल्या जाणाऱ्या धाग्याला बाणा म्हणतात. कडियल पद्धतीत दोन काठ आणि मधले अंग यांसाठी तीन धोटे चालतात, व काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात प्रत्येक फेरीत अडकवला जातो, त्यामुळे दोन रंग शिवणीवाचून जोडले जातात.

खरी कसोटी पदराची असते. तेथे जरीच्या जमिनीवर मोर, मुनिया किंवा कमळ उमटवताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी वापरतो, ताण्याचे धागे बोटांनी मोजून उचलतो आणि रंगाचा धागा नक्षीच्या कडेपर्यंतच नेऊन शेजारच्या जरीच्या धाग्यात गुंतवून माघारी वळवतो. मोराच्या मानेची एक वळणदार रेघ पुरी होईपर्यंत कापड बोटभरही पुढे सरकलेले नसते. नक्षी जितकी दाट तितके दिवस वाढतात, आणि भरजरी पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात.

या कौशल्याला दूरदेशीही भावंडे आहेत. अरबस्तानच्या वाळवंटात बेदुइन स्त्रिया जमिनीवर खुंट्या ठोकून उभारलेल्या मागावर मेंढीची लोकर आणि उंट-शेळीचे केस विणत आल्या, आणि या ‘सदू’ विणकामाचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समावेश झाला. सदूची नक्षी ताण्यात घडते, पैठणीची बाण्यात; विद्या मात्र दोन्हीकडे आईबापांच्या शेजारी बसूनच पुढच्या पिढीच्या हातात उतरते.

म्हणूनच मानांकन किंवा यादीतील नोंद आवश्यक असली, तरी तेवढ्याने माग चालत नाही. यंत्रमागावरची नक्कल कमी किमतीत ‘पैठणी’ म्हणून विकली जाते, तेव्हा विणकराच्या मुलाने मागावर बसावे यासाठीचे कारणच नाहीसे होते. ग्राहकाच्या हातात यावर एक साधा उपाय आहे: साडी घेताना पदर उलटून पाहावा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते, तर नकलेच्या पाठीवर लोंबणारे किंवा कापलेले धागे आढळतात. पदर उलटून पाहावा आणि हाताच्या कामाचे हाताला शोभेल असे मोल द्यावे; येवल्यातील पुढच्या खोलीतला माग त्यावरच चालणार आहे.