पितृपक्षात घर बघायला

गणपती नुकतेच गेले होते. रात्री जेवताना आमटीची वाटी पुढे सरकवत हे म्हणाले, "हैदराबादला जावं लागेल बहुतेक."

"किती दिवस?" मी सहज विचारलं.

"दिवस नव्हे ग. राहायला."

मुलांचं लक्ष नव्हतं हे बरं. माझ्या हातातला डाव मात्र पातेल्यातच राहिला.

भिवंडीत ज्यांचं पोट यंत्रमागावर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे एका सूतदलालाच्या पेढीवर हिशेब बघतात. गेली काही वर्षं एकेक कारखाना बंद पडतो आहे, माग भंगारात निघताहेत. पूर्वी गल्लीत शिरलं की खटखटीने शेजारचं बोलणं ऐकू येत नसे. आता दुपारी कुठे कुकरची शिट्टी झाली तरी कळते. मालकांनी पेढी आवरती घ्यायचं ठरवलं आणि ओळखीतून ह्यांना हैदराबादची नोकरी चालून आली. चांगली होती. नाही म्हणायला कारण नव्हतं, माझ्याशिवाय.

मी सकाळी एका शाळेत मराठीचे तीन तास घेते, तासिकेवर. मिळतात ते पैसे सांगण्यासारखे नाहीत, पण माझे आहेत. हैदराबादेत मला मराठी शिकवायला कोण ठेवणार? थोरला सहावीत. तेलंगणात 2018 च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीचं झालंय, म्हणजे त्याला नव्याने अक्षरं गिरवायची. मी दोन रात्री अबोला धरला. शेवटी हे म्हणाले, "चार दिवस जाऊन बघून तर येऊ. आत्या आहेच तिथे."

सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात कुणी घर बघतं का?"

"बघायला जातोय आई, घ्यायला नाही."

मुलांना त्यांच्याजवळ ठेवून आम्ही कल्याणहून रात्रीची गाडी धरली.

आत्याबाईंचं घर काचीगुड्याला. जुनं, चौकाचं, दारात तुळस. त्यांच्या सासऱ्यांचे वडील बीड जिल्ह्यातून निजामाच्या नोकरीत गेले ते तिथलेच झाले. आपल्यापैकी कित्येकींना शाळेतला इतिहास आठवत नसेल, पण 1956 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. वकिली करायची, नोकरी करायची, शिकायचं तर तिथल्या मराठी माणसाला हेच मोठं शहर. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती, त्यामुळे आत्याबाईंच्या सासऱ्यांना ज्ञानेश्वरी आणि उर्दू वर्तमानपत्र दोन्ही सारख्याच सफाईने वाचता यायचं. सुलतान बाजाराच्या बाजूला विवेक वर्धिनी ही मराठी मंडळींनी काढलेली, शंभर वर्षांहून जुनी शाळा आहे. आत्याबाई त्याच शाळेच्या. सुलतान बाजाराच्या डोक्यावरून आता मेट्रो धावते, खाली मात्र साड्यांची नि पिशव्यांची तीच गर्दी.

त्यांचं मराठी ऐकायला मोठी गंमत वाटते. "हौ" म्हणतात, "परेशान" होतात. मी हसले तर म्हणाल्या, "आमचं हसू नको सूनबाई. इथले मुसलमानसुद्धा 'नक्को' म्हणतात, ते आपल्याच मराठीतून गेलंय." खरंच, रिक्षावाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते "नक्को" ऐकलं की उगीच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

चारमिनार पाहिला. 1591 सालचा, आणि त्याच्या पायाशी लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचा झगमगाट. इराणी चहात उस्मानिया बिस्किट बुडवून खाल्लं. ह्यांनी तीन कप घेतले आणि शहर त्यांना तिथेच पसंत पडलं. पुरुषांचं बरं असतं.

मला घर बघायचं होतं, आणि घर म्हणजे मला वाटतं भाजीवाली, नळ, शेजारीण. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकटी भाजीला गेले. उर्दू-हिंदीवर निभावेल म्हटलं होतं, पण टोपली घेऊन बसलेली म्हातारी निव्वळ तेलुगू. मी बोटं दाखवली, तिने बोटं दाखवली. पाव किलोऐवजी किलोभर दोडकी पदरात पडली. भाव बरोबर की चूक तेही कळलं नाही. परत येताना पंधरा वर्षांची होऊन पहिल्यांदा बाजारात गेल्यासारखे माझे कान गरम झाले होते.

दुपारी शेजारच्या बाई आत्याबाईंना बोलवायला आल्या म्हणून आम्ही दोघी गेलो. दारातच त्यांनी हसतमुखाने "या, या" म्हटलं. त्यांचा तो "या" असा आहे, की आपल्याकडे चारचौघांत उच्चारता येत नाही. इथेही लिहीत नाही. माझा चेहरा बघून आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच बाई आमच्या दाराशी आल्या तेव्हा आपणही तेलुगूत स्वागत करावं म्हणून, तो शब्द टाळून, गल्लीत पोरं एकमेकांना म्हणतात ते "रा" मी मोठ्याने म्हटलं. साठीच्या बाईला मी "ये गं" म्हणून हाक मारली होती! त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. पण आतून कुठेतरी लागलं, आणि नेमकी तेव्हा मला वर्गातली एक मुलगी आठवली.

आमच्या शाळेत पद्मानगरकडच्या बऱ्याच मुली येतात. पद्मशाली विणकरांची घरं ती, करीमनगर-वरंगळ भागातून मागावर काम करायला आलेली. दोन वर्षांपूर्वी पाचवीतली एक मुलगी उशिरा आली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाई, घरी आई आलं गावाहून." वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, मीही हसले. वर फळ्यावर लिहून दाखवलं, आई आली, बाबा आले, कुत्रं आलं. ती पुढे वर्षभर वर्गात फारशी बोलली नाही.

शेजारच्या बाईंनी त्या दिवशी सर्वपिंडी केली होती. पहिला घास घेतला आणि वास ओळखीचा वाटला. हाच वास पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या जिन्यावरून खाली येतो, वरच्या मजल्यावरच्या अक्कांकडून. आपल्या थालीपिठाची सख्खी बहीणच म्हणा. दोन वाट्या तांदळाचं पीठ, त्यात तासभर भिजवलेली मूठभर हरभऱ्याची डाळ, भाजून भरडलेले दाणे, दोन चमचे तीळ, वाटलेली मिरची, चिरलेला कांदा, कढीपत्ता, कोथिंबीर, मीठ. कोमट पाण्याने मळायचं. मग गार पातेल्याला आतून तेल लावून त्यातच थापायचं, बोटाने चार भोकं पाडायची, भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस होऊ द्यायचं. उलटायचं नाही. सर्वा म्हणजे ते पातेलं. एक झाली की पातेलं गार होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून घरात दोन पातेली असलेली बरी. अक्कांनी पूर्वी एकदा ताटली पाठवली होती. लाल रंग बघून मी ती कामवालीला देऊन टाकली होती.

आम्ही होतो तो शेवटचा दिवस सर्वपित्रीचा. आपल्याकडे त्या दिवशी नवं काही करत नाहीत. संध्याकाळी पाहते तो काय, गल्लीतल्या बायका जरीच्या साड्या नेसून, ताटात फुलांचे उंच मनोरे घेऊन बाहेर पडलेल्या! बतुकम्मा. भाद्रपद अमावास्येला सुरू होते आणि दुर्गाष्टमीला बोळवण. पिवळा तरवड, कुरडूचे तुरे, झेंडू, एकावर एक गोल थर, वर हळदीची गौर. मनोरे मध्ये ठेवून भोवती फेर धरायचा, टाळ्या द्यायच्या, एकीने गाणं सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं. अगदी आपला भोंडला, फक्त मधल्या हत्तीच्या जागी फुलं, आणि खिरापतीच्या जागी मलिदा नि निरनिराळे भात. 'बतुकु' म्हणजे जगणं, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं.

हे सगळं मी पाहिलेलं होतं. आमच्याच इमारतीच्या अंगणात, दर वर्षी, गॅलरीतून. आदल्या वर्षी तर मी वर जाऊन सांगून आले होते, "जरा लवकर आटपा, मुलाची परीक्षा आहे." अक्कांनी लगेच फेर थांबवला होता.

दुसऱ्या दिवशी निघालो. घट सासूबाईंनी बसवले होते. आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ओटी घेऊन वर गेले. दहा वर्षांत हळदीकुंकवाखेरीज मी त्यांच्या घरात बसले नव्हते. अक्का कुरडूचे देठ कापत होत्या. कुरडू भिवंडीच्या आसपासच मिळतो, तरवड मात्र गावाकडून येणाऱ्या रात्रीच्या बसमधून मागवतात. मी हैदराबादचं सांगितलं. बाजाराचं सांगितलं, दोडक्याचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"टीचरम्मा, तुम्ही बघून आलात," त्या म्हणाल्या. "मला कुणी बघायला नेलं नव्हतं. सतरा वर्षांची होते. सिरसिल्लाला बसमध्ये बसवलं, सकाळी भिवंडीत उतरवलं."

"मग मराठी कुठे शिकलात?"

"नळावर. आधी भांडण शिकले, मग भाज्यांची नावं."

सिरसिल्लाही मागांचंच गाव. 2014 साली तेलंगण झाल्यावर बतुकम्मा राज्याचा सण झाला आणि 2017 पासून काही वर्षं सरकारने बायकांना वाटायच्या साड्या तिथल्या मागांवर विणून घेतल्या. तेव्हा अक्कांचे दीर भिवंडी सोडून परत गेले. "आम्हालाही बोलावलं होतं," अक्का म्हणाल्या. "पण मुलं म्हणाली, आमचं गाव हे."

अष्टमीला मी त्यांच्याबरोबर वऱ्हाळदेवी तलावावर गेले. फेरात माझी टाळी सारखी चुकत होती. कुणी हसलं नाही.

दिवाळीनंतर हे एकटेच पुढे गेले. आम्ही परीक्षा झाल्या की जाणार. सासूबाईंना काचीगुड्याचं चौकाचं घर आवडेल असं वाटतं, थोरला अजून फुरंगटलेला आहे. नोकरीचं माझं काय होईल ते तिथे गेल्यावर बघू. संध्याकाळी तासभर मी आणि तो वर अक्कांकडे पाटी घेऊन बसतो. त्या गावी तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकल्यात. फी म्हणून त्यांच्या नातीचं मराठी व्याकरण मी घेते.

काल त्यांनी वाक्यं घातली. 'अम्मा वच्चिंदि', आई आली. मग 'कुक्का वच्चिंदि', कुत्रं आलं. मी विचारलं, "दोन्हीकडे वच्चिंदिच?" अक्का म्हणाल्या, "मग? बाईमाणसाला आणि जनावराला आमच्यात एकच."

ती मुलगी आता सातवीत आहे. तिचा वर्ग माझ्याकडे नाही. उद्या मधल्या सुट्टीत तिला गाठायचं आहे.