मार्कची पत्रं

जॉन वूचा 'अ बेटर टुमॉरो' (१९८६) मी पहिल्यांदा हॉस्टेलवर पाहिला, रूममेटच्या लॅपटॉपवर. तेव्हा लक्षात राहिला तो फुलांच्या कुंड्यांत पिस्तुलं लपवणारा चाव युन-फॅट. दोस्त सुंग पकडला गेला म्हणून सूड घेणारा आणि त्यात पायाने अधू होणारा मार्क. भाईगिरी म्हणजे हीच, असं आम्हाला वाटायचं.

परवा एकट्याने पुन्हा पाहिला. या वेळी वेगळाच प्रसंग डोक्यात बसला. तीन वर्षांनी तुरुंगातून सुटलेला सुंग लांबून पाहतो, तर लंगडणारा मार्क एकेकाळच्या ज्युनिअरच्या गाडीची काच पुसतोय. त्याने जमिनीवर फेकलेले पैसे उचलतोय. पत्रांत मात्र मार्कने यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. सुंग तोंड फिरवून निघून जात नाही. पार्किंगमध्ये त्याच्यापाशी जातो.

तो रूममेट लेऑफनंतर पाच महिने मला 'मस्त चाललंय' पाठवत होता. मी अंगठा पाठवायचो. मला कळत नव्हतं असं नाही, पण विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

रविवारी न कळवता त्याच्याकडे गेलो. दार उघडून म्हणाला, "अरे, आधी सांगायचंस ना!"

म्हटलं, "तूही."