मिरजेचा तंबोरा

मिरजेला माणसे दोन कारणांनी उतरतात: दुखणे दाखवायला, नाहीतर गाडी बदलायला. गेल्या श्रावणात आम्ही बापलेक साताऱ्याहून तिथे उतरलो ते तंबोरा घ्यायला. पण खरे सांगायचे तर आमचेही दुखणेच होते.

माझी मुलगी तेरा वर्षांची. चार वर्षे ती गावातल्या एका गायनवर्गाला जात होती. पहिल्या तीन परीक्षा झाल्या, प्रशस्तिपत्रके भिंतीवर लागली, आणि चौथ्या वर्षी तिने घरात गाणे सोडले. वर्गाला जाई, वही भरून आणी, अलंकार पाठ म्हणून दाखवी. पण न्हाणीघरातून येणारे गुणगुणणे थांबले. एकदा खोदून विचारले, तेव्हा म्हणाली, "बाबा, माझा आवाज वर चढत नाही. सर म्हणतात, गळाच नाही."

मराठीच्या प्राध्यापकाजवळ सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असते: पुस्तक विकत आणणे. गाण्याच्या बाबतीत मी पुस्तकाऐवजी तंबोरा योजला. मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गाते म्हणून सूर लागत नसेल, असा माझा तर्क. तो किती पोकळ होता हे कळायला सतारमेकर गल्लीपर्यंत जावे लागले.

ही गल्ली म्हणजे भोपळ्यांचे राज्य. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून खडखडीत झालेले भोपळे माळ्यांवर रचलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हा धंदा सुरू केला. तलवारी गेल्या, तारा आल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथे एक वृद्ध कारागीर घोडीवर कानस फिरवीत बसले होते. "चाचा, तंबोरा हवा आहे. काळी चार," मी वर्गात ऐकलेली पट्टी ऐटीत सांगितली.

त्यांनी वर पाहिले. "काळी चार कुणाची?"

"वर्गाची," मुलगीच बोलली.

"वर्गाला गळा नसतो, बेटा. तू सा लाव."

तारेखाली सुताचा धागा सरकवून त्यांनी जवारी जुळवली. पंचम, मधला जोड, शेवटी पितळी खर्ज. दुकानभर गुंजन भरले. मुलीने सा लावला; तो थरथरत होता. चाचांनी खुंट्या पिळल्या, सूर थोडा उतरवला. पुन्हा थोडा. पांढरी चारपाशी येताच तिचा आवाज असा बसला, की जणू दाराची कडी खोबणीत पडली. ती वरच्या षड्जापर्यंत गेली, पंचमापर्यंत गेली, आणि माझ्याकडे बघून हसली. तीन पट्ट्यांचा प्रश्न होता! तेवढ्यासाठी पोरीने वर्षभर स्वतःला मुकी समजून घेतले होते. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलींचाही आवाज पालटतो, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांनी पाहिले नव्हते.

मी पैशाचे पाकीट काढले, तर चाचांनी हात आडवा केला. "आज नका नेऊ, सर. गळा अजून ठरायचा आहे. आधी ऐकणारा माणूस शोधा. तंबोरा कुठे पळून जातोय?"

दुपारी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले. त्यांची कबर या आवारात आहे. उरुसाच्या वेळी गवई इथे येऊन हजेरी लावतात. तिथे बसल्या बसल्या मुलीला गोष्टी सांगितल्या. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी, १९३३ साली, गुरूच्या शोधात घरातून पळाले. ग्वाल्हेर, जालंधर पालथे घातले. जालंधरला त्यांना याच मिरजेत जन्मलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितले, सवाई गंधर्वांकडे जा. म्हणजे गुरू निघाले कुंदगोळचे. गदगपासून काही फार लांब नाहीत.

"म्हणजे पळायला नको होतं?" मुलीने विचारले. बापाने काय उत्तर द्यावे!

दुसरी गोष्ट विष्णु दिगंबर पलुसकरांची. लहानपणी शोभेच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली (दिवाळीच्या अंकात हे सांगितलेले बरे), उपचारासाठी ते मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात बसून गाणे शिकण्याची वाट सर्वसामान्य घरांना मोकळी केली. ती वाट नसती, तर माझ्यासारख्याची मुलगी गायला बसली असती की नाही, कोण जाणे. तेव्हा वर्गाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष माझा. चार वर्षांत मी एकदाही वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन बसलो नव्हतो. फी तेवढी वेळेवर भरली होती.

परतल्यावर मी तो कोपरा धरला. तीन ठिकाणी गेलो. आधी शिकवणाऱ्याचे नव्हे, शिकणाऱ्यांचे गाणे ऐकले. एके ठिकाणी सगळ्या मुली गुरूच्या हरकती हुबेहूब गात होत्या, पण एकीचाही आवाज तिचा स्वतःचा वाटला नाही. दुसरे गवई मोठे, मैफलींसाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. तिसऱ्या एक बाई. त्यांचे नाव कधी छापून आलेले नाही. ओसरीवर पाचच मुली. एकीचा गंधार चुकला, तेव्हा बाई रागावल्या नाहीत की पुढेही गेल्या नाहीत, तंबोरा तिच्या हाती देऊन म्हणाल्या, "आता तूच ऐक."

आमची पाळी आली, तेव्हा त्यांनी परीक्षांचे विचारले नाही. मुलीला म्हणाल्या, "तुला काय गावंसं वाटतं?" आणि ती गाईपर्यंत स्वस्थ बसून राहिल्या. मी तिथेच ठरवले. नाही, चुकलो. मुलीने ठरवले, मी मान डोलावली.

यंदा आषाढात पुन्हा मिरजेला गेलो. चाचांनी पट्टी विचारली नाही. "सा लाव, बेटा," म्हणाले. सूर पांढरी चारवरच बसला. तंबोरा आता घरात आहे, भिंतीवरची प्रशस्तिपत्रके त्याच्या मागे झाकली गेली आहेत. सकाळी न्हाणीघर पुन्हा अडलेले असते, मला कॉलेजला उशीर होतो, आणि मी दारावर थाप मारीत नाही.