चाकं फिरली की घर बंद

माझ्या नातवंडांना मोटारहोममधून कसं न्यायचं, हे आम्हाला एका निवृत्त स्कूलबस चालक बाईंनी शिकवलं. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याशी बिशप नावाचं गाव आहे. त्या गावाजवळच्या एका आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे मोटारहोमच्या तळावर, त्या ‘कॅम्प होस्ट’ होत्या. तिकडे निवृत्त माणसं असं काम हौसेने करतात. उन्हाळाभर स्वतःची गाडी तळावर लावून राहायचं, येणाऱ्यांना जागा दाखवायची, शेकोटीचे खड्डे साफ करायचे, नळ-विजेच्या तक्रारी बघायच्या, आणि त्या बदल्यात राहण्याची जागा मिळवायची. मुलांचं मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून केलं, आणि त्यासाठीच मी हे लिहिते आहे.

माझा मुलगा कॅलिफोर्नियातच फ्रीमॉंटला असतो. मी नाशिकहून गेले होते, तेव्हा त्याने मोटारहोम भाड्याने घेतली. योसेमिटी बघून, टायोगा खिंडीतून पलीकडे उतरून, 395 नंबरच्या हायवेने दक्षिणेला जायचं असा बेत होता. त्याच्या मित्राचं कुटुंब त्यांची मिनीव्हॅन घेऊन बरोबर होतं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घरच. चालकाच्या डोक्यावर एक पलंग, मागे टेबल आणि समोरासमोर दोन बाकं, भिंतीला लागून सोफा, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास, शेवटी झोपायची खोली. सात वर्षांची माझी नात पहिल्याच दिवशी वरच्या पलंगावर चढली आणि इथेच झोपून रस्ता बघणार म्हणाली. नातू दीड वर्षाचा. त्याची सीट गाडी देणाऱ्या कंपनीच्या माणसाने भिंतीकडच्या सोफ्यावर बांधून दिली होती. जिथे पट्टा आहे तिथे मूल बसवलं तरी चालतं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

आम्ही तळावर पोचलो आणि मुलगा गाडी मागे घेऊ लागला, तेवढ्यात बाई आल्या. उंच, सडसडीत, डोक्यावर मळकी टोपी. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. पहिला प्रश्न, “मुलं कुठे आहेत?” दोघांना त्यांनी समोरच्या लाकडी टेबलावर बसवलं, मुलाला आरशातून नाही तर थेट काचेतून दिसतील अशा जागी. सुनेला म्हणाल्या, हात धरून इथेच उभी राहा, गाडी थांबून इंजिन बंद होईपर्यंत हलायचं नाही. मग मागे जाऊन त्यांनी हातवारे करत गाडी जागेवर घेतली. एवढ्या लांब गाडीच्या मागे उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही, हे त्या नंतर म्हणाल्या. आधी मुलं जागेवर बसली, मग बोलणं.

गाडी लागल्यावर त्यांनी हातातल्या दांडक्याने एकेक टायर ठोकून बघितला आणि मला आमच्या यांची आठवण झाली. हे नाशिक डेपोत एस.टी. चालक होते. सकाळी गाडी काढताना लोखंडी टॉमीने टायर ठोकायचे, आवाज ऐकायचे, मगच स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे. सुनेने ते त्यांना सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला, आणि तिथून पुढे त्या मला ‘सिस्टर’ म्हणू लागल्या.

दार उघडं होतं. त्यांना सोफ्यावरची सीट दिसली. त्या रागावल्या नाहीत, आत येऊ का विचारून आल्या. सीट सोडवली. स्वतःच्या गाडीतून गॅलनभर पाण्याची भरलेली कॅन आणली, पावणेचार किलो वजनाची. सीटच्या जागी ती सोफ्यावर ठेवून पट्टा करकचून बांधला. मुलाला म्हणाल्या, तळाच्या आतच चालव, पाच मैलांच्या वेगाने, आणि मी टाळी वाजवली की ब्रेक लाव. मुलं सुनेजवळ बाहेर. बाई आणि मी पुढे तोंड असलेल्या बाकावर पट्टे लावून बसलो.

टाळी वाजली, ब्रेक लागला. सोफ्यावरचा पट्टा होता तसाच ताठ राहिला. कॅन मात्र त्यातून आडवी निसटली, सोफ्याच्या कडेवरून गेली आणि ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर दाणकन आदळली. दाराला खोक पडली. तीच कॅन मग आमच्या बाकावर बांधली आणि पुन्हा ब्रेक. ती पट्ट्यात दबली आणि जागेवर राहिली. वेग ताशी पाच मैल, म्हणजे माणूस भरभर चालतो त्याहून थोडा जास्त. हायवेवर आम्ही पंचावन्नने येत होतो. माझ्या पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

मग त्यांनी समजावलं. ब्रेक लागला की गाडीतलं सगळं पुढे जायला बघतं. पट्टे आणि मुलांच्या सीटा हा जोर सरळ पुढून-मागून पेलण्यासाठी केलेल्या असतात. भिंतीला पाठ लावून बसलेल्या मुलावर तोच जोर बाजूने येतो आणि मान तो सोसू शकत नाही. म्हणून मुलाची सीट आडव्या सोफ्यावर कधीही नाही, आणि मागे तोंड असलेल्या बाकावरही नाही. तान्ह्या मुलाची सीट स्वतः मागे तोंड करून असते हे खरं. धक्क्याचा जोर त्याच्या सगळ्या पाठीवर पसरावा म्हणून ती तशी बसवतात, आणि कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी साधारणपणे तसाच कायदा आहे. पण ती ज्या बाकावर बांधायची ते बाक पुढेच तोंड केलेलं हवं.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढे तोंड असलेल्या बाकाची गादी आणि फळी उचलून त्यांनी आम्हाला आत वाकून बघायला लावलं. पट्ट्याचे बोल्ट प्लायवूडच्या खोक्यात होते. पट्टा कितीही मजबूत असो, तो कशात रोवलाय ते बघा, म्हणाल्या. शिवाय तो नुसता कंबरेचा पट्टा होता. नातीच्या उंच सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, नाहीतर सगळा भार पोटावर येतो. अमेरिकेत 2002 पासून नव्या मोटारींमध्ये मुलांची सीट अडकवायला पक्के हुक सक्तीचे आहेत. मोटारहोममध्ये ते बहुधा नसतात.

मग काय करायचं? बाईंचं बोट मित्राच्या मिनीव्हॅनकडे गेलं. मुलं त्या गाडीत, घर पुढे मुलांविना. तसंच ठरलं. मित्राची बायको माझ्याजवळ मोटारहोममध्ये आली, मुलांच्या सीटा मिनीव्हॅनमध्ये गेल्या, सून मुलांबरोबर. सीटा नीट बसल्या आहेत ना, हे हायवे पेट्रोलच्या कचेरीत वेळ घेऊन फुकट तपासून मिळतं, हेही त्यांनीच सांगितलं. नात रडली. तिला वरचा पलंग हवा होता. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, चाकं फिरली की घर बंद. पलंग बंद, टेबल बंद, शेगडी बंद, संडाससुद्धा बंद. चाकं थांबली की घर उघडं, मग पलंग तुझाच. नातीला ते पटलं. पुढच्या प्रवासात मोटारहोम निघायच्या वेळी ‘घर बंद!’ अशी आरोळी तीच देत असे.

संध्याकाळी खिडकीचा सराव झाला. झोपायच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीला लाल मुठी होत्या. स्वयंपाकघर गाडीच्या मध्ये, दार त्याच्या शेजारी. म्हणजे आग लागलीच तर मागे झोपलेल्यांची वाट तीच अडवणार. म्हणून ती खिडकी. बाईंनी माझी ओढणी मागून घेतली आणि नातीच्या डोळ्यांवर बांधली, कारण धुरात काही दिसत नाही. नातीने चाचपडत मुठी शोधल्या. पहिली सहज फिरली. दुसरी घट्ट होती, तिच्या बोटांना जोर पुरेना. बाईंनी हात लावला नाही, फक्त म्हणाल्या, दोन्ही हातांनी, खाली. खटकन मूठ फिरली, काच बाहेर ढकलली गेली आणि थंड वारा आत आला. खाली मुलगा उभा होता. पोटावर पालथं होऊन, पाय आधी बाहेर टाकून ती त्याच्या हातात उतरली. मग बाईंनी तेच मुलाकडून, सुनेकडून आणि माझ्याकडून करून घेतलं. साठी उलटलेली मी, पंजाबी ड्रेसमध्ये, त्या खिडकीतून उतरले.

गॅसचं थोडक्यात सांगते. प्रोपेन हवेहून जड, म्हणून गळती सांगणारा अलार्म जमिनीलगत असतो. आपल्या सिलिंडरचा गॅसही तसाच खाली साचतो. मुलांचे बूट-पिशव्या ठेवून हा अलार्म झाकायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, त्याचं बटण दाबून आवाज ऐकायचा, आणि माणसं झोपलेली असताना जनरेटर चालू ठेवायचा नाही. त्या विषारी वायूला रंग नाही की वास नाही. विजेचं मला ठाऊक नव्हतं. तळावरच्या खांबाची किंवा गाडीची अर्थिंग बिघडली असेल तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते, आणि ओल्या पायांनी दाराची कडी धरणाऱ्या मुलाला झटका बसतो. त्यामुळे वायर जोडली की बाई खिशातला टेस्टर दाराच्या पत्र्याजवळ नेऊन बघायच्या. मुलांना आत जायची परवानगी त्यानंतर. शेकोटीचं लोखंडी कडं दुसऱ्या सकाळीही तापलेलं असू शकतं, म्हणून रात्री त्यावर बादलीभर पाणी.

निघायच्या दिवशी त्यांनी नातीच्या गळ्यात एक शिट्टी घातली आणि हातात कचऱ्याची मोठी पिशवी दिली, चेहऱ्यासाठी भोक कापलेली. त्यामागची गोष्ट अशी. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा चुकला. शेकडो माणसं शोधत असताना तो चालत राहिला, आणि चौथ्या दिवशी थंडीने मेलेला सापडला. त्या शोधात सीमा पोलिसातले नामांकित माग काढणारे अॅब टेलर होते. त्यानंतर ‘हग-अ-ट्री’, म्हणजे ‘झाडाला मिठी मार’, हा मुलांना शिकवायचा कार्यक्रम उभा राहिला. चुकलास तर चालू नकोस, एक झाड धर आणि तिथेच थांब. पिशवी अंगात घाल म्हणजे ऊब राहील, तोंड उघडं ठेव, शिट्टी वाजव. शोधणारी माणसं ओरडत आली तर घाबरून लपू नकोस. बाईंनी हे नातीला भीती न घालता सांगितलं. मग तिच्याकडून तळाच्या कडेच्या एका कॉटनवूडच्या झाडाला मिठी मारून घेतली आणि नाव ठेवायला सांगितलं. नातीने त्याचं नाव ‘मामा’ ठेवलं.

तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता, असं मी सुनेकरवी विचारलं. त्या म्हणाल्या, लोकांची मुलं चालवत जन्म गेला. फेरी संपली की बसच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, कुणी झोपून राहिलंय का बघायचं, मगच दार लावायचं. ती सवय आता जात नाही. आमचेही हे रात्री शेवटची गाडी लावल्यावर आतून एक चक्कर मारूनच डेपोबाहेर पडत. मी ते त्यांना सांगितलं आणि दोघींनाही पुढे बोलता येईना. निघताना तांदूळ, बदाम आणि एक संत्रं घेऊन मी त्यांची ओटी भरली. त्यांनी ती टोपीत घेतली, कारण पदर नव्हता. पत्ता घ्यायचा राहून गेला. असता तरी हे ऋण पत्राने फिटणारं नव्हतं.

आता आपल्याकडेही हे दिवस आले आहेत. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि कोकणाच्या रस्त्यांवर अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा त्याच्या सीटमध्ये बांधलेलं असावं लागतं, नाहीतर हजार रुपये दंड. पण दंडाच्या भीतीने हे होणार नाही. मूल मांडीवर घेऊन बसायची आपली माया फार जुनी आहे. आज्यांनो, ती मांडी घाटातल्या वळणावर, ब्रेक लागला तर, मूल धरून ठेवू शकत नाही. कॅराव्हॅन ठरवायला जाल तेव्हा पडदे, एसी आणि टीव्ही नंतर बघा. आधी मालकाला विचारा की पुढे तोंड असलेली, खांद्यावरून पट्टा येणारी बाकं किती आहेत, आणि ते पट्टे कशात रोवले आहेत. गादी उचलून दाखवायला सांगा. मुलांपुरती बाकं नसतील तर मागून एक साधी मोटार घ्या आणि मुलांना तिच्यातून न्या. मुक्कामाला पोचल्यावर घर त्यांचंच आहे.