मनीचे दात

आमचे आबा बैलाचे दात बघण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. माळेगावच्या यात्रेत लालकंधारी गोऱ्ह्याचा खालचा ओठ दाबला की सांगायचे, "चौसा हाय ह्यो, व्यापारी दुसा सांगायलाय." पण घरातल्या मनीचं तोंड सात वर्षांत कुणी उघडून बघितलं नव्हतं. आमची जवारी उंदरांपासून वाचली ती तिच्यामुळंच.

एका हिवाळ्यात मनी दूध-भाकरीपाशी यायची, घास घ्यायची, मान वाकडी करून टाकून द्यायची. तोंडातून लाळ गळायची. मी म्हणालो, "लाडावलीय. ऱ्हाऊ द्या दोन दिस उपाशी, खाईल आपोआप."

तिसऱ्या दिवशी मायनं तिला उचललं. "हाडकं लागायलीत रे हिची. तोंडाचा बी घाण वास येतोय."

मी तापाची अर्धी गोळी चुरून दुधात टाकायला निघालो. मायनं हात धरला. "माणसाची गोळी जनावराला देऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी परळीहून रेल्वेनं परभणीला, पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. टोपलीवर लुगडं बांधलेलं, आत मनी. डब्यात एकजण हसला, "मांजरीचे दात दाखवायला निघालाव व्हय?" मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी ओठ वर केला. दाढांवर पिवळं कीटण चढलेलं, हिरड्या लालभडक, दोन दाढा मुळापासून किडल्यागत हलत होत्या. भूल देऊन त्या काढल्या. गोळीचं सांगितलं तेव्हा त्यांचा लिहिता हात थांबला. "पॅरासिटामॉल? अर्ध्या गोळीनंही मेली असती. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही." मग म्हणाले, "मांजर दुखणं लपवतं. भूक असून खात नाही, तेव्हा आधी तोंड बघायचं."

चौथ्या दिवशी मनीनं भिजवलेली भाकरी खाल्ली. आबांनी तिला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं ओठ उचलला. मांजराला तीस दात असतात, हे मी डॉक्टरांकडून ऐकून आलो होतो. आबा म्हणाले, "म्हंजे आता अठ्ठावीस."

तेव्हापासून दर महिन्याला ते तिचे दात बघायचे. मनी पुढं चार वर्षं जगली. "ऱ्हाऊ द्या उपाशी" हे माझं बोलणं घरात पुन्हा कुणी काढलं नाही. मला मात्र ते अजून आठवतं.