नकलनवीस

आमच्या मामाजींचे सारे आयुष्य उमरेडच्या तहसील कचेरीत नकला करण्यात गेले. दप्तरखान्यात कागदांचे गठ्ठे पडलेले असत. परंतु हुकूम झाल्यावाचून एकाही कागदाची नक्कल बाहेर जात नसे. "नुसता कागद असून भागत नाही, नक्कल निघावी लागते," असे ते नेहमी म्हणत. हेच वाक्य पुढे जीवशास्त्राच्या ग्रंथात आम्हांस भेटेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मामाजींस खर्र्याचा नाद होता. तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ नागपूरकडील वाचकांस सांगावयास नको. सुटीत उमरेडास गेलो, की पानठेल्यावरून तो आणण्याचे काम आमचे, आणि उरलेली चिल्लरही आमची. पुढे आम्ही शिकलो. मामाजींच्या गालातील पांढरा चट्टाही पाहिला. परंतु वडील माणसास काय सांगावे, म्हणून गप्प बसलो. त्या चट्ट्याचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी आम्हांसच विचारले, "काय रे भाच्या, शरीरात एवढा बंदोबस्त असते म्हणतेत, मग हे वाढलं कसं?"

आम्ही त्यांचीच कचेरी त्यांच्यापुढे मांडली. प्रत्येक पेशीत जनुकांचे दप्तर असते. कोणत्या जनुकाची नक्कल केव्हा काढावी, हे ठरविणाऱ्या प्रथिनांस प्रतिलेखन घटक म्हणतात. त्यांपैकी पी-५३ हे १९७९ साली शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले. आरंभी ते कर्करोगाचे साथीदार वाटले. १९८९ च्या सुमारास कळले, की ते त्याचे वैरी आहे. दप्तरास इजा होताच हा अधिकारी जागा होतो, पी-२१ या जनुकाची नक्कल काढवून पेशीचे विभाजन थांबवितो, आणि दुरुस्ती अशक्य दिसल्यास पुमा, बॅक्स अशा जनुकांकरवी तिला मरावयास लावतो. ह्या शिस्तीच्या मरणास १९७२ साली 'अ‍ॅपॉप्टोसिस' हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानातील साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकतो, म्हणूनच तर तो उन्हाळा काढतो.

तंबाखूतील विषे दप्तरावर घाव घालतात, आणि कधी तो घाव नेमका पी-५३ च्याच जनुकावर बसतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. उलट एनएफ-कप्पा-बी हा दुसरा घटक, ज्याचे वर्णन १९८६ साली रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी केले, दाहाच्या वेळी पेशींस तगून राहण्याचा हुकूम देतो. तोंडातला दाह वर्षानुवर्षे शमलाच नाही, तर तो हुकूमही थांबत नाही. मरणाचा हुकूम देणारा मुका झाला आणि जगण्याचा हुकूम देणारा अखंड बोलत राहिला, म्हणजे पेशी मरणे विसरते. अनेक औषधे आणि किरणोपचार पेशीस मारण्यासाठी पुष्कळदा ह्या पी-५३ चेच साहाय्य घेतात. तोच निकामी असला, तर उपचारही अडतात.

"म्हणजे साहेबच फिरला म्हन!" मामाजी म्हणाले. त्यांस हसावयाचे होते. पण तोंड पुरते उघडत नव्हते. त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध १९४० च्या दशकातच दाखवून दिला होता. तो आम्ही वाचलेला होता, आणि मामाजींच्या गालातला चट्टाही आम्हांस दिसत होता. मुक्या झालेल्या पी-५३ चे आम्हांस नवल वाटते; परंतु त्याचे जनुक तरी विषाने जखमी झालेले असते. आमच्या जिभेस काय झाले होते? कागद आमच्या दप्तरात होता. त्याची नक्कल मात्र निघाली नाही.

आता उमरेडास गेलो, की पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या भाचरांस आम्ही हटकतो. ती हसतात. हसोत बापडी, आम्ही बोलणे सोडीत नाही.